घोरपड, मिशी आणि एक फेरी

पैज लागली तेव्हा हंबीररावांच्या तोंडात मद्दूर वडा होता. तोंडात वडा असताना माणसानं पैज घेऊ नये, हे त्यांच्या बायकोनं, सुखदानं, नंतर पुष्कळदा सांगितलं. पण तोवर मान हलवून झाली होती आणि सगळ्या गल्लीनं ती हललेली पाहिली होती.

झालं असं. राजाजीनगरच्या त्या गल्लीत हयवदनअण्णांच्या दारापुढं करंजाच्या झाडाखाली एक निळी गाडी कित्येक वर्षं उभी होती. उभी कसली, बसली होती. चारी टायर सपाट. मागच्या बाजूला जो भला मोठा पंख होता, त्यावर वासंतीअक्का सांडगे वाळवायच्या. बॉनेटवर हवेसाठी जे मोठं भोक होतं, ते टपालपेटी असावी असं समजून एका नव्या पोस्टमननं त्यात विजेची तीन बिलं टाकली होती.

समोरच्या माडीवर पुण्याहून नवा आलेला शंतनु राहत होता. मारतहळ्ळीला कसल्याशा आयटी कंपनीत कामाला. त्यानं विजेवर चालणारी गाडी बुक केली होती, आणि ती चार्ज करायला त्याला त्या करंजाखालची जागा हवी होती. संध्याकाळी गल्ली जमली असताना तो म्हणाला, "काका, ती गाडी डेड आहे. लिटरली स्क्रॅप. टो करून टाकायला सांगा ना अण्णांना."

अण्णा व्हरांड्यातच पेपर वाचत बसले होते. पेपर हलला नाही. पण हंबीररावांना का कोण जाणे, लागलं.

"चालू होईल की," ते म्हणाले.

"आयुधपूजेपर्यंत? स्वतःच्या इंजिनवर? देवळाला फेरी मारून, संध्याकाळच्या आरतीआधी परत दारात?"

इथं वडा तोंडात होता आणि मान हलली.

मग शर्ती ठरल्या. शंतनु हरला तर त्यानं पंचा नेसून गल्लीतल्या प्रत्येक घरी नारळ वाटायचा. हे त्याला नवीन नव्हतं. तो राहायला आला त्या आठवड्यात हंबीररावांनी त्याला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं की राजाजीनगरात नव्या भाडेकरूनं पहिल्या शनिवारी घरोघर नारळ द्यायची पद्धत आहे. पोरानं दिले. गल्लीतलं एकही माणूस खरं बोललं नाही, कारण नारळ चांगले होते. तो राग शंतनुच्या मनात होताच. म्हणून हंबीरराव हरले तर काय, यावर त्यानं जराही विचार केला नाही. तो म्हणाला, "मिशी."

आता हंबीररावांची मिशी म्हणजे काय ते सांगायला हवं. माणूस मूळचा निपाणीचा, बेंगळुरात गाद्या-पडद्यांचं दुकान, उंची बेताची, पोट बेताबाहेर. या सगळ्याला भारदस्तपणा होता तो फक्त त्या मिशीमुळं. गिऱ्हाईक गादी महाग आहे म्हणायला तोंड उघडायचं आणि मिशी बघून मिटायचं. लग्नातसुद्धा ती होती. सुखदानं नवऱ्याचा वरचा ओठ आजवर पाहिलेला नव्हता.

आणि गाडीतलं त्यांना काय कळत होतं? हॉर्न कुठं असतो ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी वासंतीअक्कांनी त्यांना मागच्या दारानं बोलावलं. आता बोलणी बसणार म्हणून हंबीरराव चेहरा पाडून गेले. अक्कांनी कॉफी दिली, हरभऱ्याच्या डाळीचा डबा काढला, डाळीत कोपरापर्यंत हात घातला आणि गाडीची किल्ली बाहेर काढली.

"ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मीच लपवली होती," त्या म्हणाल्या. "आता डॉक्टर म्हणतात चालवा, फिरा, हवं ते करा. मी किल्ली पुढ्यात ठेवली, तर म्हणाले, हाताचा भरवसा नाही राहिला, ठेव परत डाळीत. तेव्हापासून त्या खुर्चीत आहेत. तोच पेपर दोनदा वाचतात. माझ्याशी बोलणं म्हणजे मीठ कमी आणि मीठ जास्त."

हंबीरराव कॉफीत बघत राहिले. 

"मी करतो दुरुस्त, अक्का."

"दुरुस्त नका करू," अक्का म्हणाल्या. "दुरुस्त करायचा प्रयत्न करा. त्यांच्या डोळ्यांपुढं. जमेल तितका वाईट."

हंबीररावांनी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना त्यांच्या योग्यतेचं काम दिलं होतं.

गाडीविषयी थोडं. जपानातल्या लोकांनी ती चिखल-दगडातल्या रॅलीच्या शर्यतींसाठी बनवली होती, आणि मग चार दारं, मागं सामानाची डिकी असं लावून घरगुती माणसांनाही विकली होती. म्हणजे बाहेरून बघितलं तर बँकेतल्या साहेबाची गाडी आणि आतून उधळलेला बैल. अण्णा कारखान्यात नोकरीला, पण सुट्टी टाकून हिच्यातनं चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत शर्यतीला जायचे. रस्त्याला चिकटून धावते म्हणून तिचं नाव त्यांनी घोरपड ठेवलं होतं. आणि शेजारच्या सीटवर बसून पुढचं वळण कुठलं, किती, कसं, हे ओरडून सांगणारा जो नॅव्हिगेटर लागतो, तो म्हणजे वासंतीअक्का. हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. सांडगे घालणाऱ्या बाईविषयी असा संशय कुणाला येणार?

तर रविवारी सकाळी हंबीरराव बनियनवर दुरुस्तीला उतरले. पहिली चूक मुद्दामची नव्हती. इंजिन शोधायला त्यांनी डिकी उघडली. व्हरांड्यातला पेपर अर्धा इंच खाली आला. हंबीररावांच्या ते लक्षात आलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी आपली प्रगती पेपरच्या उंचीवर मोजायला सुरुवात केली.

ऑइलचा डबा त्यांनी रेडिएटरवर धरला. पेपर नाकापर्यंत आला. पुढच्या जाळीवर हातोडीनं टकटक करून ते मोठ्यानं म्हणाले, "ही जाळी सडलीय, कापून टाकूया, वारा तरी येईल." पेपर हनुवटीपर्यंत आला, आतून एक लांब श्वास ऐकू आला, आणि पेपर परत वर गेला. अण्णा मोठे खंबीर होते.

गल्ली मात्र खंबीर नव्हती. गल्ली सल्ले द्यायला लागली. बँकेतून निवृत्त झालेले गिरीराज रोज स्टूल घेऊन यायचे. त्यांच्या मते गाडी पूर्वेला तोंड करून उभी केली की निम्मी दुरुस्ती आपोआप होते. चार जणांनी ढकलून ती पूर्वेला केली. मग ती शंतनुच्या जिन्याला आडवी आली. पश्चिमेला केली. या ढकलाढकलीत हंबीररावांची पाठ गेली आणि त्यांना आपल्याच दुकानातली, गिऱ्हाइकाला वर्णन करून सांगितलेली, पाठदुखीची गादी घरी आणावी लागली. तिनं काही फरक पडला नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शेवटी यशवंतपूरहून मंजुनाथ मेकॅनिक आणला. या माणसाला एकच वाक्य येत होतं, "सरी आगुत्ते," म्हणजे होईल ठीक. पेट्रोलच्या टाकीतून वार्निशासारखं काहीतरी निघालं, सरी आगुत्ते. रबराचे पाइप हात लावला तर पापडासारखे मोडले, सरी आगुत्ते. हवेच्या फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरांचा संसार. त्यांनी लग्नपत्रिका कुरतडून बिछाना केला होता, बारशाच्या घुगऱ्या साठवल्या होत्या, आणि उशाला होता शंतनुचा कानात घालायचा एक पांढरा हेडफोन. तो हरवला तेव्हा शंतनुनं हंबीररावांनीच लपवला असं ठरवून त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आता हंबीररावांनी तो दोन बोटांत धरून गल्लीभर मिरवला. पोरगा ओशाळला. सॉरी म्हणाला, हेडफोन धुतला, आणि त्या दिवसापासून मोबाइलवर व्हिडिओ बघून तोही सल्ले द्यायला लागला. स्वतःच्याच विरुद्धच्या पैजेत इतकी मदत करणारा माणूस पुण्यातच तयार होत असावा.

सामान जमलं, बसलं, आणि एका सकाळी मंजुनाथ म्हणाला, बॅटरी जोडलीय, मी स्वल्प चहा पिऊन येतो, तोवर हात लावू नका. हंबीररावांनी अर्थातच लावला.

किल्ली फिरवली. घोरपड खोकली, शिंकली, आणि अशी काही डरकाळली की करंजावरचे कावळे थेट यशवंतपूर स्टेशनला गेले. मागच्या नळकांड्यातून धडाम असा बार निघाला. गिरीराज स्टुलावरून उठले ते घरातच जाऊन थांबले. हंबीररावांनी घाबरून किल्ली उपसली आणि बाहेर उडी मारली.

गाडी चालूच.

त्यांनी हातातल्या किल्लीकडं बघितलं. गाडीकडं बघितलं. गाडी आपली गुरगुरतेय, आणि किल्ली इथं, हातात. तुमच्या घरचा मिक्सर वायर काढल्यावरही फिरत राहिला तर तुम्ही काय कराल? हंबीररावांनी तेच केलं. हात जोडले. खिडकीतून गिरीराज घराचा मेन स्विच बंद करा म्हणून सांगत होते. सुखदानं पाण्याची बादली आणली. शंतनु व्हिडिओ शोधत होता, पण आधी जाहिरात लागली. कुणीतरी लिंबू आणायला पळालं. हंबीररावांनी डोळे मिटून बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "आई, चुकलं असलं तर पदरात घे. परत रेडिएटरवर ऑइल धरणार नाही."

"अरे ए हंबीर!"

सगळे वळले. पेपर जमिनीवर पडला होता. अण्णा उभे होते.

"टर्बो तापलाय तिचा. लगेच बंद केला तर जळतो, म्हणून दोन मिनिटं आपोआप चालू राहायची सोय केलीय मी तिच्यात. सुम्ने निल्लो. गप उभा राहा जरा. थंड होऊ दे की तिला."

आणि ते पायऱ्या उतरून खाली आले. बॉनेटपाशी गेले, कान लावला. थोड्या वेळानं इंजिन आपसूक थांबलं. अण्णा म्हणाले, "तिसरा सिलिंडर चुकतोय," आणि मग जणू मधली वर्षं झालीच नव्हती अशा थाटात, "पाना दे." स्वयंपाकघराच्या खिडकीत वासंतीअक्का पाठमोऱ्या उभ्या होत्या. कांदा चिरत असाव्यात.

तेव्हापासून हंबीररावांचं गाडीवरचं राज्य संपलं. ते पाना देणारे झाले, तेही चुकीचा. मंजुनाथ आणि अण्णा रोज कन्नडमध्ये भांडायचे आणि दोघांची तब्येत सुधारत होती. पण अण्णांनी ड्रायव्हरच्या सीटवर काही पाय ठेवला नाही. हंबीर, तू बस, तू फिरव, तू ब्रेक दाब. स्वतः बाहेरूनच.

मग कागद. गाडीचं रजिस्ट्रेशन केव्हाच संपलेलं. ते हवं तर तपासणी हवी, तपासणीला धुराचं सर्टिफिकेट हवं, धुराच्या केंद्रापर्यंत न्यायला इन्शुरन्स हवा, आणि इन्शुरन्सवाला म्हणाला आधी रजिस्ट्रेशन आणा. हंबीरराव या वर्तुळात बरेच दिवस फिरले. अखेर गाडी क्रेनला लटकवून धूर दाखवला, इन्शुरन्सवाल्याला उशांची जोडी भेट न देताच नुसतं रडून पटवलं, आणि घोरपड तपासणीच्या मैदानात उभी राहिली.

इन्स्पेक्टरनं कागद बघितला. म्हणाला, यात रंग पांढरा लिहिलाय. ही निळी आहे.

हंबीररावांनी मिशीवर हात फिरवला आणि सांगितलं की साहेब, उन्हानं झाली असेल. इन्स्पेक्टरनं विचारलं, मालक तुम्हीच का? हो म्हणाले. मग बॉनेट उघडा. हंबीररावांनी आत बसून आत्मविश्वासानं एक दांडी ओढली. काचेवर पाणी उडालं आणि वायपर फिरले. दुसरी ओढली, पेट्रोलचं झाकण उघडलं. मागच्या रांगेतले रिक्षावाले हसायला लागले. गल्लीला इतकी वर्षं हसवलेला माणूस, पण आपल्यावर हसलेलं कसं लागतं ते त्या दिवशी मैदानात कळलं. इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला, "खऱ्या मालकाला घेऊन या."

हंबीररावांना त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. अक्कांना इतकी वर्षं जमलं नव्हतं ते सरकारनं एका वाक्यात केलं.

कारण अण्णांना यावंच लागलं. इस्त्रीची पँट घालून, रिक्षातून. त्यांनी डिकी उघडली, आतली सतरंजी उचलली. खाली मूळचा पांढरा रंग होता. इन्स्पेक्टरनं तो पाहिला आणि दारावरच्या खोल ओरखड्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय? झालं. अण्णा सांगायला लागले. कॉफीचा मळा, धुकं, समोर काही दिसत नाही, शेजारी वासंती ओरडतेय डावं घे, मला दिसतंय उजवं, आणि मी डावं घेतलं. उजवीकडं दरी होती. "नॅव्हिगेटर सांगतो तसंच जायचं. डोळ्यांना दिसलं तरी आपलं चालवायचं नाही. तोच नियम." मागची रांग हॉर्न वाजवायची विसरली होती. इन्स्पेक्टरनं शिक्का मारला आणि विचारलं, सर, पुढं काय झालं?

आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा दिवस आला. गल्लीतल्या सायकली, इस्त्र्या, शंतनुचा लॅपटॉप, हंबीररावांची शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. घोरपडीला दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, चाकांखाली लिंबं ठेवली, पुढं कोहळा फोडला. उन्हं उतरली. आरतीला थोडाच वेळ होता. कोपऱ्यावरच्या देवळाशी गुंडू न्हावी खुर्ची, साबण आणि वस्तरा मांडून तयार होता. त्याला शंतनुनं बोलावलं होतं. गुंडूनं वस्तऱ्यालाही कुंकू लावलं होतं.

हंबीरराव ड्रायव्हरच्या सीटवर बसले. क्लच पैलवानाच्या पायासाठी केलेला. गाडी उडी मारून बंद पडली. परत चालू केली, परत बंद. तिसऱ्यांदा लिंबू फुटलं तेवढंच. शंतनु घड्याळ बघत होता, पण बिचाऱ्याचा चेहरा हंबीररावांपेक्षा पडलेला होता. अण्णा व्हरांड्याच्या पायरीवर होते. एक पाय खाली, एक वर.

तेवढ्यात वासंतीअक्का बाहेर आल्या. इरकली नेसलेल्या, डोक्यात अबोलीचा गजरा. गर्दीतून सरळ आल्या, डावं दार उघडून आत बसल्या, पट्टा आवळला.

"उतरा," त्या हंबीररावांना म्हणाल्या. ते उतरले. मग त्यांनी काचेतून पायरीकडं बघितलं. "मी बसलेय. माझा ड्रायव्हर कुठाय?"

अण्णांनी दोन्ही हात पुढं धरून बघितले. थरथरत होते.

"हाताचं काय ते नंतर बघू," अक्का म्हणाल्या. "मी सांगते तसं फक्त चालवा."

अण्णा आले. बसले. थरथरता हात गिअरवर ठेवला, आणि हंबीररावांनी पाहिलं, गाडी सुरू झाली तसा तो हात थांबला. गाडीच इतकी थरथरत होती की हाताला वेगळं थरथरायचं काही उरलं नसावं.

फेरी सोपी होती. गल्लीच्या टोकाला देऊळ, तिथं डावीकडं वळायचं, देवळाला वळसा घालून परत. हंबीरराव आडवाटेनं देवळाच्या कोपऱ्यावर पळत गेले, आपली मिशी वळताना बघायला. घोरपड आली. काचा खाली होत्या. आतून अक्कांचा आवाज येत होता, गल्लीनं कधीच न ऐकलेला, खणखणीत. "पन्नास मीटर, खड्डा, उजवं धरा. दुधाचं बूथ. कुत्रं, कुत्रं गेलं. पुढं चौक..."

चौक आला. डावीकडं देऊळ. हंबीररावांनी श्वास धरला.

"सरळ," अक्का म्हणाल्या. "लांब. पूर्ण सोडा तिला."

अण्णांनी डोळ्यांपुढचं देऊळ बघितलं असणारच. पण नियम म्हणजे नियम. घोरपड सरळ गेली, केळीचे खुंट फडफडवत, यशवंतपूरकडं, तिथून तुमकूर रोडला.

शंतनु धापा टाकत आला. "काका, ते वळलेच नाहीत. फोन करा ना. अजून आरती व्हायचीय, येतील परत."

हंबीररावांनी फोन काढला, कानाला लावला, बराच वेळ धरला. "लागत नाही बघ," ते म्हणाले आणि फोन खिशात टाकला. त्यांनी नंबर लावलाच नव्हता. हयातीत इतक्या थापा मारल्या, पण इतकं समाधान कुठल्याच थापेनं दिलं नव्हतं.

देवळात घंटा वाजली. आरती झाली. हंबीरराव खुर्चीत बसले.

सगळी गल्ली गोळा झाली. गिरीराज स्टूल घेऊन पहिल्या रांगेत. सुखदानं आरसा धरला होता आणि बघवत नाही म्हणून डोळे मिटले होते, त्यामुळं आरशात हंबीररावांना आकाश दिसत होतं. अर्धी मिशी गेल्यावर शंतनुला राहवलं नाही. तो म्हणाला, "काका, बास ना. गाडी चालली तर खरी. आपण टाय म्हणू."

"वेडा का काय? पुरी कर रे गुंडू," हंबीरराव म्हणाले, आणि साबणाच्या फेसातून अगदी गंभीरपणे, "आणि शंतनु, आमच्या गल्लीत पैज जिंकणाऱ्यानं नारळ वाटायचे असतात. जुनी पद्धत आहे."

शंतनुनं क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. मग मुकाट्यानं नारळ आणायला गेला. त्याला या वेळी कळलं होतं की नाही, हे अजून कुणाला कळलेलं नाही.

वस्तऱ्याचा शेवटचा हात फिरत असतानाच ती गुरगुर ऐकू आली. घोरपड हळूच येऊन खुर्चीपुढं थांबली. केळीच्या खुंटांचे नुसते बुडखे उरले होते. अक्कांचा गजरा कुठंतरी उडून गेला होता, केस सुटले होते. अण्णांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी काचेतून मान बाहेर काढली.

"हा कोण नवीन माणूस?"

"आपले हंबीरराव," अक्का म्हणाल्या. "हरले बिचारे. नॅव्हिगेटर चुकला."

अण्णांनी वळून बायकोकडं बघितलं. "वासंती वळण चुकत नसते," ते म्हणाले. मग हंबीररावांच्या उघड्या ओठाकडं बघितलं, बराच वेळ, आणि त्यांना सगळं कळलं. "हंबीर, उद्यापासून रोज दुकानाला मी सोडणार तुला. मिशी येईस्तोवर."

सुखदानं एक डोळा उघडला, मग दुसरा. "अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही हसता तेव्हा इतके लाजता होय?"

हंबीररावांनी ओठावर हात नेला. झाकायला तिथं काहीच नव्हतं.

अण्णांनी किल्ली काढली. इंजिन चालूच राहिलं. कुणी दचकलं नाही, कुणी लिंबू आणायला पळालं नाही. आता गल्लीलाही ठाऊक होतं. अक्कांनी पट्टा सोडला, पण दार उघडलं नाही. त्या तशाच बसून राहिल्या, आणि अण्णाही.

"उतरायचं नाही का अक्का?" गिरीराजांनी विचारलं.

"थांबा की जरा," अक्का म्हणाल्या. "थंड होऊ दे."